पाणी कुणाचं गेलं

अक्कांनी अंगठी माझ्यापुढं ठेवली, पण तिच्यावरचं बोट काही उचलेनात. शिंदखेड्याकडच्या, शेतकरी घरातल्या, माझ्याच वयाच्या. म्हणाल्या, "बाई, हाऊ खडा मन्ही मायना शे. फुटना ते दुसरा कोठून आनू?"

त्यांच्या आईचा पाचू होता. आतून तडकलेला. उजेडात धरला की केसासारखी रेघ दिसायची. अंगठी झिजून फाटायला आलेली. खडा काढून नातीच्या नव्या अंगठीत बसवायचा होता. धुळ्यातल्या दुकानांनी हात जोडले. आमचे शेठही नको म्हणत होते. मी घेतलं.

नवरा गेल्यावर मी जळगावात या कारखान्यात लागले. शाळा चौथीपर्यंत. पहिलं काम झाडायचं, सोन्याची धूळ वाया जाऊ नये म्हणून. मग हत्यारांना धार लावायचं, मग खडे बसवायचं. पदरात पोरं, रडायला सवड नव्हती. धार शिकवली ती तपननं. बंगालचा कारागीर. आमच्यात राहून वांग्याचं भरीत मागून खातो, मराठी मात्र अजून मोडकी.

खडा बसतो त्या घराला कोंदण म्हणतात. त्याची कड खड्यावर दाबलेली असते. ती उचलायची, अन् हत्याराचा जोर खड्यावर येऊ द्यायचा नाही. आमची हत्यारं त्या कामाला जाड. मग तपननं शिलाई मशीनची मोडकी सुई घेतली, लाकडी मुठीत बसवली आणि घासायला लागला. वरून धार, खालून पोट गोल गुळगुळीत. म्हणजे खड्याला लागलं तरी नुसतं सरकेल.

शेठ दारातून म्हणाले, "ग्राइंडरवर घे ना. अक्कांची गाडी चुकेल."

त्यानं घेतली. दोनदा टेकवली, मग उजेडात धरली. टोक निळं पडलं होतं.

"पानी गया, दीदी."

अक्का उठल्याच. तोंडाला पदर. "मन्हा खडानं?"

त्यांची चूक नव्हती. खड्याच्या चमकेलाही पाणीच म्हणतात. मी अंगठी त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, पाणी सुईचं गेलं. पोलाद तापवून विझवलं की कडक होतं, ते पाणी देणं. ग्राइंडरवर जास्त तापलं की निळं पडतं, मऊ होतं. मऊ टोक वाकतं, हात सटकतो, आणि सटकलेला हात खड्यावर जातो.

शेठ म्हणाले, "एवढंसं तर निळं आहे. एका खड्यापुरतं चालेल."

तपननं पकडीनं स्वतः केलेलं टोक मोडलं आणि दुसरी सुई उचलली. आता तेलाच्या दगडावर, हातानं. थोडं घासायचं, ओठाला लावून बघायचं तापली का. एवढा जुना कारागीर, पण शिकाऊ माणसासारखा बसला होता. मला फार मोठा वाटला तो.

अक्का बघत होत्या. म्हणाल्या, "हाऊ सुईले मुका देस का?" शेठसुद्धा हसले.

तपननं सुई नखावर टेकवून पाहिली. घसरली नाही, रुतली. मग माझ्याकडं दिली.

अंगठी एरवी लाखेत धरतो. पण लाख गरम करावी लागते, तडकलेल्या पाचूला ऊब सोसत नाही. म्हणून लाकडी चापात धरली. कड सालीसारखी उठत गेली. मेणाची काडी लावली, खडा तिला चिकटून वर आला. नव्या अंगठीत घर कोरलं, खडा ठेवला, आणि सुईच्या गोल पोटानंच कड दाबून बसवली.

अक्कांनी अंगठी खिडकीशी नेली. बराच वेळ बघितलं. रेघ होती तेवढीच होती.

गाडी चुकली ती चुकलीच. अक्का आमच्याकडं जेवल्या.

धार खरी असली की जोर लागत नाही. जोर लावावासा वाटला, की हात थांबवायचा आणि आधी धार करायची. एवढंच आहे या कामात. ते यायला मला निम्मं आयुष्य लागलं.