तळ्याकडची खोली

कुणी अनोळखी माणूस आपणहून हसला, की आमचे दाजी आधी खिशावर हात ठेवायचे आणि मग हसायचे. ही सवय इतकी पक्की होती, की लग्नाच्या फोटोतही ते तसेच उभे आहेत. फोटोग्राफर 'जरा हसा' म्हणाला असणार. शेजारी शालू नेसलेली माझी शोभाताई, आणि दाजींचा उजवा हात कोटाच्या खिशावर.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कनेरगाव नाक्यावर, हिंगोली-वाशीम रस्त्याला लागून त्यांचा ढाबा होता. पुढे ट्रकवाल्यांसाठी बाजा, म्हणजे खाटा, टाकलेल्या, मागे चुली, आणि चुलींपाशी ताई. ढाब्याच्या पाटीवर 'डाळ तडका' लिहिलेलं होतं आणि त्याखाली जास्त पैशांचा 'स्पेशल डाळ तडका'. एकदा मी विचारलं, "दाजी, ह्या दोन डाळींत फरक काय हो?" इकडेतिकडे बघून ते हळूच म्हणाले, "डाळ एकच हाय, नंदाबाई. गिऱ्हाईक स्पेशल असतं." आपण स्वतः हे करतो म्हणजे सगळं जग हेच करत असणार, याबद्दल त्यांना तिळभर शंका नव्हती. शंका बाकी सगळ्या गोष्टींबद्दल होती.

"गोम कुठं हाय?" हा त्यांचा आवडता प्रश्न. सेलची जाहिरात दिसली, गोम कुठं हाय? निवडणुकीच्या आधी रस्ता झाला, गोम कुठं हाय? माझ्या सासऱ्यांनी शेतातल्या तुरीच्या शेंगा प्रेमानं पाठवल्या, तेव्हाही त्यांनी पिशवी उलटी करून तळ बघितला होता. आणि ताईला बघायला आमच्या घरी, हिंगोलीकडच्या गोरेगावला आले, तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून त्यांनी आमच्या बाबांना सरळ विचारलं, "पोरगी एवढी चांगली हाय, तर मग आजवर लग्न काहून न्हाई झालं?" त्यांच्याबरोबर आलेल्या काकांनी कपाळाला हात लावला. आतून ताईचाच आवाज आला, "त्यांना म्हणावं, तुमचं काहून न्हाई झालं?" दाजी बशी खाली ठेवून मोठ्यानं हसले. ताई पुढे सांगायची, त्या हसण्यावर मी भाळले. तेवढं हसणं नंतर फार वेळा ऐकायला मिळालं नाही, हे मात्र ती सांगायची नाही.

अशा माणसाच्या घरात खरं बोलणं अवघड होऊन बसतं. ताईची दाढ काढायची होती, तर ती माझ्या मुलाच्या वाढदिवसाचं निमित्त करून हिंगोलीला आली. नवं लुगडं घेतलं तर ते 'नंदानं दिलं' व्हायचं. पूनम, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, स्कूटर माझ्याकडे राहून शिकली आणि लायसन हातात आल्यावरच घरी कळलं. खरं सांगावं तर तासभर उलटतपासणी, त्यापेक्षा थोडं खोटं बोललेलं बरं, असं आम्ही तिघींनी कधी न ठरवताच ठरवून टाकलं होतं. दाजींना ते कळत असणारच. ते म्हणायचे, "चुलीपाशी कुजबुज सुरू झाली, की मला पुढच्या बाजंवर ऐकू येतं." आम्ही जितकं लपवायचो तितका त्यांचा संशय वाढायचा, आणि तो वाढला की आम्ही आणखी लपवायचो.

पूनम शिकली, पुण्यात नोकरीला लागली. मग एके दिवशी तिनं फोन करून आईबाबांना आणि मला सहलीचं आमंत्रण दिलं. पुण्या-मुंबईच्या मधल्या डोंगरात मोठमोठ्या पाळण्यांचं एक उद्यान आहे, तिथल्याच हॉटेलात मुक्काम, सगळा खर्च तिचा. ताई आयुष्यात कधी हॉटेलात राहिली नव्हती. तिनं दोन साड्या इस्त्रीला टाकल्या. दाजींनी ढाबा भावाच्या हवाली केला आणि निघताना मला बाजूला घेतलं.

"पोरगी आपल्याला काहून फिरवून राहिली?"

"सहज. हौस असते मुलांना."

"सहज कुणी काही करत न्हाई," ते म्हणाले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी पिशवीत पाण्याची बाटली शोधू लागले. बाटली माझ्या हातातच होती.

कारण गोम होती. पूनमची कंपनी तिला जर्मनीला पाठवत होती, तीही काही वर्षांसाठी. तिनं होकार कळवला होता, व्हिसाही आला होता. ताईला माहीत होतं, मला माहीत होतं. दाजींना कुठे, कसं सांगायचं यावर मायलेकींची किती बोलणी झाली असतील देव जाणे. शेवटी पूनम म्हणाली, चांगल्या जागी नेऊ, आईला दोन दिवस सुख देऊ, बाबा जरा निवांत असतील तेव्हा सांगू.

हॉटेल पांढरंशुभ्र, काचेचं, आत शिरताच अत्तराचा वास. दाजींनी आधी वासच संशयानं हुंगला. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "अभिनंदन सर! आज तुमच्या बुकिंगला फ्री अपग्रेड मिळालंय. साध्या खोलीऐवजी तळ्याकडची मोठी खोली, बाल्कनीसह. समोर मोठा पाळणा दिसतो. काहीही जास्तीचे पैसे नाहीत."

दाजींचा हात खिशावर गेला.

"काहून?"

"आमची ऑफर आहे सर."

दाजी मागे वळले. आमच्या पाठीमागे नाशिककडचं एक कुटुंब सामान घेऊन उभं होतं. त्या गृहस्थांना यांनी विचारलं, "तुमाला भेटली का ओ फुकट खोली?"

"छे हो. आम्हाला तर त्या बाल्कनीचे भरपूर जास्तीचे मागितले. आम्ही साधीच घेतली."

दाजी सावकाश परत काउंटरकडे वळले. "त्यांला इकत, आन् मला फुकट. मी कोण हाय? मंत्री?"

त्या बिचारीनं काय करावं, तिनं पूनमकडे पाहिलं. तेवढं पुरे होतं. ढाब्यावर उधारी बुडवणारा माणूस दाजी नुसत्या नजरेवरून ओळखायचे. तिची नजर जिथे गेली तिथे त्यांचीही गेली.

"पूनम."

"बाबा, मी भरलेत पैसे. आईसाठी."

"मग त्या लेकराला खोटं काहून बोलायला लावलं?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही ती खोली घेतली असती?"

"न्हाई."

"म्हणून."

दाजींनी काउंटरवर बोट टेकवलं. "साधी खोली द्या. आमच्या नावावर होती तीच."

पूनमचा चेहरा उतरला. मी काही बोलणार होते, पण ताईनं माझा हात दाबला. नाशिककर मंडळी कुतूहलानं बघत होती आणि ताईला चारचौघांत तमाशा नको होता.

साधी खोली वाईट नव्हती. पण तिची खिडकी हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या मागच्या अंगाला उघडत होती. ताईनं हौसेनं पडदा सरकवला. खाली दोन बाया मोठाली पातेली घासत बसल्या होत्या, आणि एका नळकांड्यातून कांदा-मसाला परतल्याचा वास सरळ वर येत होता. ताई क्षणभर बघत उभी राहिली. जन्मभर ती ज्या वासात उभी राहिली, तोच वास एवढ्या लांब येऊन तिला भेटला होता. तिनं पडदा ओढून घेतला आणि म्हणाली, "चांगली हाय की खोली."

दाजी खुर्चीत बसले होते. त्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "नुसत्या खोलीसाठी एवढं सोंग कुणी करत न्हाई. अजून काय हाय?"

मग पूनम पलंगाच्या कडेवर बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. जर्मनी, व्हिसा, पुढच्या महिन्यात जायचं.

मला वाटलं, आता प्रश्नांची सरबत्ती सुरू होणार. पण दाजींनी एवढंच विचारलं, "तुझ्या मायला माहीत हाय?"

ताई हातातल्या बांगड्यांकडे बघत राहिली.

"नंदाबाईला?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"म्हंजी ह्या खोलीत मी एकलाच पाव्हणा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

आणि मग आमची ताई बोलली. इतक्या वर्षांत मी तिला त्यांच्यापुढे असं बोलताना ऐकलं नव्हतं. "तुमाला काही सांगाचं म्हंजी पोलिसासमोर उभं राहावं लागते. लेकरानं चोरी केली न्हाई. तिला आनंदानं सांगाचं होतं, तुमी आनंदानं ऐकावं असं वाटत होतं. घरी ते जमलं नसतं. म्हून इथं आणलं तुमाला. बाकी काही गोम न्हाई."

दाजी उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले.

पूनम रडायला लागली. ताई तिच्या केसांवरून हात फिरवत बसली. बराच वेळ झाला तरी ते येईनात, तेव्हा मी उठले. मला भीती वाटत होती, की हा माणूस एकटाच एसटी पकडून कनेरगावला निघाला असेल. किंवा काउंटरवरच्या पोरीला झापत असेल. ते काउंटरवरच होते. ती मुलगी जरा मागे सरकून उभी होती.

"ती तळ्याकडची खोली गेली का हाय?"

"आहे सर."

"माझ्या पोरीनं त्याचे जे भरले, ते तिला वापस करा. माझ्याकून घ्या."

ती चाचरत म्हणाली, "सर, तुम्ही आधी खोली बघून घेता का? नंतर तक्रार नको."

ज्या माणसानं कलिंगड टिचक्या मारल्याशिवाय, कापड उन्हात धरल्याशिवाय कधी घेतलं नाही, तो माणूस म्हणाला, "न्हाई. राहू द्या." बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढून त्यांनी काउंटरवर ठेवल्या. मग वळले तर मी समोर.

"नंदाबाई, खरं सांगा. मी पोलीस वाटतो का हो?"

मला खोटं बोलता आलं असतं. सवय होती. पण त्या दिवशी पुरेसं झालं होतं. "वाटता, दाजी," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. रुमालानं आधी कपाळ पुसलं, मग डोळे. "आमचा बाप लई भोळा होता," ते म्हणाले. "जो आला त्यानं त्याला फसवलं. मी तवाच ठरवलं, आपुन फसाचं न्हाई." एवढंच बोलून ते जिन्याकडे चालू लागले. त्यांच्या वडिलांबद्दल त्यांच्या तोंडून ऐकलेली ही एकमेव गोष्ट.

तळ्याकडची खोली खरोखर सुंदर होती. ताई बाल्कनीत जाऊन बसली ती उठेचना. तळ्यापलीकडे तो अवाढव्य पाळणा हळूहळू फिरत होता आणि पाळण्यातल्या पोरांच्या किंकाळ्या इथवर येत होत्या. दाजींनी मात्र आल्या आल्या सगळे नळ सोडून बघितले, गादी दाबली, कपाटात डोकावले. मग बाहेर येऊन काहीशा निराशेनं जाहीर केलं, "गरम पाणी बराबर येऊन राहिलं."

संध्याकाळी ते पूनमजवळ जाऊन बसले. "कंपनीनं तुलाच काहून निवडलं?"

ताईनं बाल्कनीतून वळून पाहिलं.

"मी कामात चांगली आहे, म्हणून असेल बाबा."

दाजींनी त्यावर विचार केला, सगळ्या बाजूंनी. "हे खरं असंल," ते म्हणाले. "तू लहानपणापासून हायेसच तशी." पूनमनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मला वाटतं, त्या सहलीतल्या एकाही पाळण्यात ती बसली नाही.

ती गेल्यावर दाजी रोज तिच्याशी व्हिडिओवर बोलायचे. संशय काही सुटला नव्हता. घरमालकीणबाईनं पूनमला केक दिला, तर दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न, "त्या बाईला तुझ्याकून काय पाहिजे?" पण घरात मात्र काहीतरी सैल झालं होतं. ताई आता सरळ सांगायची, मी डोळे दाखवायला हिंगोलीला चालले. दाजी एखाददुसरा प्रश्न विचारायचे, पुढचा तोंडापर्यंत आलेला असायचा, तो गिळून म्हणायचे, "जाऊन ये." गिळताना त्यांना त्रास व्हायचा. तो त्रास ते घ्यायचे, हे मी पाहिलंय.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी ढाबा उघडला, पहिला चहा प्यायले आणि बाजेवर बसल्या बसल्या कलंडले. पूनमला कळवायचं काम माझ्यावर आलं. एवढ्या लांब एकटी पोर, विमानात तासन् तास बसून येणार. मी सांगितलं, बाबांना जरा बरं नाही, दवाखान्यात ठेवलंय, तू निघून ये. ती "बरं मावशी" म्हणाली आणि फोन ठेवला.

ती पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. ताईजवळ बराच वेळ बसून ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी बाजेवर टेकली. मी तिची माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनंच माझा हात हातात घेतला.

"मावशी, तू म्हणालीस दवाखान्यात ठेवलंय. कुठल्या, हे मी विचारलं नाही. डॉक्टर काय म्हणाले, तेही विचारलं नाही. बाबांना फोन दे, असंही म्हणाले नाही. तुला नवल नाही वाटलं?"

त्या गडबडीत माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

"मला तुझ्या पहिल्याच शब्दाला कळलं होतं," ती म्हणाली. "पण विचारलं असतं, तर तुला आणखी खोटं बोलावं लागलं असतं."