निंबाचं पाणी

इथे हिंदी मुलखात, खंडेराव गेटजवळच्या आमच्या गल्लीत सर्वांत जपून मराठी बोलते ती सप्र्यांची सून दीप्ती. मराठी घरात जन्मलेली आमची मुलं "आई, मी निकलते" म्हणून मोकळी होतात. दीप्ती नगऱ्याच्या हिंदीभाषी तिवारींची. लग्न होऊन आली तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. सगळं सासूचं ऐकून ऐकून शिकली. वाक्य मनात पुरतं जुळल्याशिवाय तोंड उघडायची नाही.

त्याला कारण होतं. नवी नवरी असताना सरलाताई तिला म्हणाल्या, "दीप्ती, जरा पीठ मळ." हिंदीत पीठ म्हणजे पाठ, आणि मलना म्हणजे चोळणं. ही तेलाची वाटी घेऊन सासूच्या मागे जाऊन बसली! सासरे जनार्दनराव ही गोष्ट येईल त्या पाहुण्याला रंगवून सांगत. दीप्तीही सगळ्यांबरोबर हसायची, पण तेव्हापासून शब्दाचा अर्थ विचारणं तिनं सोडलं. अंदाजानं घ्यायची, आणि अंदाज बहुधा बरोबर निघायचा.

मागच्या हिवाळ्यात जनार्दनरावांच्या पोटरीला मोठं गळू झालं. मुलगा नचिकेत बिजौलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्याला खासगी सर्जन हवा होता. जनार्दनराव ऐकेनात. शेवटी आयुर्वेदिक रुग्णालयातल्या डॉक्टर शिवांगींनी गळू चिरून पू काढला आणि जखम मुद्दाम उघडी ठेवली. ती आतून भरत यायला हवी होती. रोज कडुनिंबाच्या काढ्यानं धुवायची आणि जात्यादि तेलात भिजवलेली पट्टी आत ठेवायची, एवढंच काम. सुरुवातीला सरलाताई ते खोलीचं दार लोटून स्वतः करत.

तेवढ्यात ग्वाल्हेरहून फोन आला. ईशानीला, त्यांच्या मुलीला, कळा सुरू झाल्या होत्या. ऑटोत बसता बसता सरलाताई सुनेला म्हणाल्या, "रोज निंबाच्या पाण्यानं धू, मग तेलाची पट्टी. विसरू नकोस गं."

सप्र्यांकडे कडुनिंबाला जुन्या वळणानं निंबच म्हणतात. दीप्तीनं ऐकलं नींबू. क्षणभर तिला वाटलं, विचारावं. ऑटो सुरू झाला होता, आणि शेजारणी दारात उभ्या होत्या.

ती रोज पाणी उकळायची, गार करायची आणि त्यात लिंबं पिळायची. बी एकही पडू नये म्हणून गाळूनसुद्धा घ्यायची. पाणी जखमेवर पडलं की जनार्दनराव खाटेची कड घट्ट धरत.

"लिंबाचा वास येतोय गं."

"हो बाबा, त्याचंच पाणी. आईंनी सांगितलंय."

"मग असेल. डॉक्टरीणबाईंनी बदललं असेल. औषध आहे, झोंबणारच."

"हलू नका ना बाबा! लहान मुलासारखं काय करता?"

ते हलायचे थांबत.

जखम भरेना. कडा पांढुरक्या झाल्या, भोवतालची कातडी लालभडक. तपासणीला नेलं तेव्हा शिवांगींनी पट्टी काढली आणि त्यांचा चेहरा उतरला. "ये क्या लगा दिया?"

"आप ही का बताया हुआ!" नचिकेत भडकला. "मैं तो पहले दिन से मना कर रहा था."

"मैंने तो नीम का पानी बताया था, भैया. नीम से ऐसा नहीं होता."

नीम. दीप्तीच्या हातातली पिशवी निसटली. नचिकेत बोलतच होता. शिवांगी हळू आवाजात म्हणाल्या, "शायद मैंने ही ठीक से समझाया नहीं." तो तडक अधीक्षकांकडे तक्रार करायला गेला. जनार्दनराव पायाकडे बघत बसले. दीप्ती पिशवीतून पडलेल्या वस्तू उचलत राहिली, गरजेपेक्षा जास्त वेळ.

घरी आल्यावर तिनं कोपऱ्यावरच्या कडुनिंबाचा पाला तोडून आणला आणि कोणाला काही न सांगता उकळला. जखमेचा लालपणा उतरू लागला. तिला वाटलं, आता न सांगितलं तरी चालेल. पुढच्या खेपेला पट्टी करायला दुसरेच डॉक्टर आले. शिवांगींना त्या कामावरून काढलं होतं, चौकशी चालू होती.

त्या दिवशी जेवताना तिनं सांगितलं. मला हे सगळं नंतर तिनंच सांगितलं, एकेक शब्द जुळवत.

नचिकेतचा घास हातातच राहिला. "मग तिथेच का नाही बोललीस? मी त्या बाईंना काय काय बोललो!"

"तुम्ही बोलत होतात, आणि मला बरं वाटत होतं," ती म्हणाली. "माझ्यावर येत नव्हतं ना."

दुसऱ्या दिवशी दोघं अधीक्षकांसमोर उभे राहिले. दीप्तीनं सगळं सांगितलं, लिंबाचं पाणी गाळून घ्यायची इथपर्यंत. नचिकेतनं तक्रार मागे घेतली आणि शिवांगींची हात जोडून माफी मागितली. त्या रागावतील म्हणून दीप्ती तयारीनं गेली होती. त्यांनी आधी विचारलं, "बाबूजी का घाव आज कैसा है?" त्यावर मात्र तिला रडू आवरलं नाही.

सरलाताई नातवाला बघून परतल्या आणि पट्टीचं काम पुन्हा हाती घेऊ लागल्या. जनार्दनराव म्हणाले, "नको, दीप्तीच करेल."

तिनं काढ्याचं भांडं आणून खाली ठेवलं, पण पुढे होईना.

"आता कशाला मनाला लावून घेतेस?" ते म्हणाले. "तू सांगितलंस ना? मिटलं."

"मिटलं कुठे, बाबा?" तिनं पोटरीकडे बोट दाखवलं. "एवढं उघडं आहे अजून."

जनार्दनरावांनी वाकून बघितलं. मग पाय तिच्यापुढे केला.

"मग धू," ते म्हणाले.