सखुबाईंच्या हौदातली कासवं

वेळकोंडच्या सखुबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं गावात म्हणतात. ते साफ खोटं आहे. कारण दर रविवारी सकाळी हरिहरेश्वरच्या रस्त्याने गाडीत बसून येतं, देवळासमोर वडाखाली थांबतं आणि डिकी उघडून प्लास्टिकचा टब बाहेर काढतं. टबात कासव असतं.

सखुबाई देवळाच्या पायरीशी बसून बेल, जास्वंद आणि कमळं विकतात. नवरा बुधाजी होता तेव्हा देवळाचं तळं तो साफ ठेवायचा. तो गेला आणि देवस्थानाची मंडळी आता हे काम कोण करणार म्हणून एकमेकांची तोंडं बघू लागली, तेव्हा या पदर खोचून पाण्यात उतरल्या त्या आजपर्यंत. शेवाळ काढायचं, निर्माल्य काढायचं, भाविकांनी मोठ्या श्रद्धेने बुडवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या काढायच्या. बदल्यात तळ्यातली कमळं त्यांची. कमळं विकून त्या काही श्रीमंत झाल्या नाहीत. पण गावात कोणी ‘सखुबाईचं तळं’ म्हटलं की त्यांची मान जरा ताठ व्हायची. त्यांच्या आयुष्यात मान ताठ व्हावी अशा गोष्टी फार नव्हत्या, ही एक होती.

पहिलं कासव घेऊन आलं ते खारघरचं एक जोडपं. नवऱ्याने पायरीवर टब टेकवला आणि विचारलं, “काकू, तळं खोल आहे ना?”

“का? जीव द्यायचाय?”

“नाही हो. हे सोडायचंय.”

टबात जेवणाच्या ताटलीएवढं कासव होतं, कानामागे लाल पट्टा असलेलं. घरी आणलं तेव्हा ते म्हणे रुपयाच्या नाण्याएवढं होतं. काचेच्या भांड्यात घालून हॉलच्या उत्तरेला ठेवलं की घरात पैसा येतो, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

“मंग? आला पैसा?” सखुबाईंनी विचारलं.

“ह्याच्या खाण्यातच गेला,” बायको म्हणाली. “आणि वास किती येतो! सोसायटीवाले पण कटकट करतात. म्हटलं देवाच्या तळ्यात सोडू. त्यालाही बरं, आपल्यालाही पुण्य.”

“पुण्य तुमच्या घरी आन् घाण माज्या तळ्यात?”

पण सखुबाई उठून खाली पोचेपर्यंत कासव पाण्यात दिसेनासं झालं होतं. नवऱ्याने हात जोडले, बायकोने फोटो काढला, दोघांनी सखुबाईंकडूनच देवासाठी कमळं घेतली आणि हलक्या टबासकट दोघं गाडीत जाऊन बसली.

त्यांनी तो फोटो कुठे कुठे पाठवला देव जाणे. पुढच्या वर्षभरात नवी मुंबईतल्या जेवढ्या हॉलांच्या उत्तर दिशेला पैसा आला नाही, तेवढ्या हॉलांतली कासवं वेळकोंडच्या तळ्यात आली. दुपारी उन्हात पायऱ्यांवर ओळीने बसायची. पर्यटकांची पोरं त्यांना कुरकुरे टाकायची. कुरकुऱ्यांनी पोट भरेना तेव्हा कासवांनी कमळांचे कोवळे कोंब खायला घेतले. पहिल्या वर्षी कमळं कमी आली, दुसऱ्या वर्षी ओंजळभर. त्यानंतरच्या श्रावणी सोमवारी सखुबाई नुसता बेल आणि जास्वंद घेऊन पायरीशी बसल्या. गिऱ्हाईक ‘कमळ नाही का आजी?’ विचारून पुढे जात होतं. त्या दिवशी त्यांना रडू आलं, आणि रडू आलं याचा त्याहून जास्त राग आला.

तक्रार करायची तरी कोणाकडे? देवळाच्या सदू गुरवाकडे गेल्या तर तो हात जोडून म्हणाला, “कूर्मावतार हाय तो, वयनी. देव सोताच्या पायानं आलाय.”

“देव डिकीतनं येत न्हाय, सदूभावजी.”

तळ्यासमोर दिपेशचा लॉज आहे. तो म्हणाला, “मावशी, गिऱ्हाईक फोटो काढतंय. कशाला हाकलता?” वनखात्याचा एक गार्ड दिपेशकडे चहाला यायचा, त्यालाही त्यांनी गाठलं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “देशी कासव असतं तर पाळणाऱ्याला आतच टाकला असता. हे पडलं परदेशी. आमच्या खात्यात बसत न्हाय.”

“तुमच्या खात्यात बसत न्हाय, माज्या तळ्यात बरं बसतं!” असं म्हणून सखुबाई तिथून उठल्या त्या थेट घरी, आणि त्यांनी माळ्यावरची जुनी बांबूची टोपली खाली काढली.

टोपलीत सुक्या जवळ्याची पुरचुंडी बांधायची, टोपली पाण्यात कलती सोडायची आणि दोरी धरून बसायचं. कासवं खादाड, ती यायचीच. घरामागे म्हशींसाठी बांधलेला सिमेंटचा हौद होता. म्हशी केव्हाच विकल्या होत्या. सखुबाईंनी एकेक कासव नेऊन त्यात टाकलं आणि वरून फाटक्या जाळ्याचा तुकडा ताणून बसवला.

मारून का टाकत नाही, असं बऱ्याच जणांनी हळूच सुचवलं. सुचवणारा स्वतः मात्र कोयता हातात घ्यायला तयार नसायचा, कारण देवाच्या तळ्यातल्या जिवाला मारायचं नाही हा गावचा रिवाज. तिथला मासासुद्धा कोणी खात नाही. सखुबाईंचं म्हणाल तर बांगडा साफ करताना त्यांचा हात जन्मात कधी अडखळला नव्हता. पण टोपलीतून लांब मान काढून बघणाऱ्या त्या कासवांपुढे त्यांचं काही चालेना. “बगतोस काय, मेल्या?” असं खेकसून त्यांनी पहिल्याच दिवशी कोळंबीची डोकी हौदात टाकली आणि स्वतःच्या गळ्यात धोंड बांधून घेतली.

कारण हौदाचं पाणी रोज बदलावं लागे. नाही बदललं तर वासाने शेजारीपाजारी ओरडत. विहिरीवरून पाणी ओढता ओढता कंबरेची वाट लागली. बाजारात कोळणीकडून कोळंबीची डोकी, सालं, उरलासुरला जवळा मागून आणायचा. माठाची देठं, भोपळ्याची सालं निवडून ठेवायची. शिव्या आणि खाणं एकाच वेळी हौदात पडायचं. मुलगी हेमाली कळंबोलीहून फोन करायची तेव्हा आईच्या गुडघ्यांआधी तिला कासवांची हालहवाल ऐकावी लागायची.

पण तळं मोकळं झालं. रविवारी नवं आलेलं कासवही दोन दिवसांत टोपलीत यायचं. पुढच्या पावसाळ्यात पाण्यावर पानं पसरली आणि श्रावण संपता संपता कमळं उमलली. पूर्वीइतकी नाहीत, पण टोपली भरेल एवढी. सखुबाई त्या सकाळी फार खूश होत्या. सदू गुरवाला त्यांनी एक कमळ फुकट दिलं, यावरून काय ते समजा.

आणि नेमकं तेव्हाच दिपेशच्या डोक्यात काचेच्या टाकीचं खूळ शिरलं. लॉजच्या अंगणात मोठी टाकी बांधायची, तिच्यात रंगीत दिवे लावून लाल पट्ट्याची नवी, छोटी कासवं ठेवायची, शिवाय नवी मुंबईतल्या एका मित्राकडून इग्वाना आणायचा. हिरवागार, पाठीवर काटे असलेला, घोरपडीएवढा सरडा, मांडीवर घेऊन पर्यटकांनी फोटो काढावा असा. सखुबाईंनी ऐकलं आणि त्यांच्या अंगाचा भडका उडाला. आज टाकीत आहे ते उद्या कंटाळा आला की कुठे जाणार, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. समोर तळं होतंच.

ऑक्टोबरातल्या ग्रामसभेत त्या सर्वांत आधी उभ्या राहिल्या. शाळेच्या पडवीत सतरंज्या अंथरल्या होत्या, ग्रामसेविका तेजस्वी मॅडम टेबलाशी बसल्या होत्या.

“ही परदेशी जनावरं गावात नकोत. बंदी घाला,” सखुबाई म्हणाल्या.

दिपेश उठला. “माझ्या अंगणात मी काय पाळायचं ते गावानं ठरवायचं काय? ज्याला सांभाळता येतं त्यानं सांभाळावं. गावात मोकाट कुत्री फिरतात, चावतात. त्यांच्यावर न्हाय कोणी बंदी घालत!”

“सरपटणारं जनावर दारात म्हंजे अपशकुन,” मागून एक म्हातारा म्हणाला.

“शेरातली लोकं तर लक्ष्मी येते म्हणून ठेवतात,” एक बाई म्हणाली.

“लक्ष्मी येत असती तर आपल्याकडं आणून का टाकली असती?”

यावर चांगलंच रण माजलं. अर्ध्या पडवीला कासव शुभ होतं, अर्ध्या पडवीला अशुभ, आणि साप-सरडे-पाली एकजात ठेचून टाकाव्यात यावर दोन्ही अर्ध्यांचं एकमत होतं. अपशकुनवाल्या म्हाताऱ्याने तेवढ्यात सांगून टाकलं की आपण असल्या जनावराकडे जन्मात ढुंकूनही बघितलेलं नाही. त्याच्या घरी मागल्या वर्षी घोरपडीचा रस्सा शिजला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे थोडा वेळ सगळेच छताकडे बघत बसले.

माणगावला कॉलेजात शिकणारी क्रांती तेवढी मुद्द्याचं बोलली. “बंदी विकण्यावर पायजे. दुकानात मिळतंय तवर लोक घेणार, कंटाळणार आन् कुठंतरी सोडणार. नुसत्या पाळणाऱ्याला धरलंत तर तो घाबरून चोरून सोडेल.” तिचं म्हणणं बरोबर होतं. पण दुकान नवी मुंबईत होतं, दिपेश समोर होता, आणि भांडायला समोरचा माणूस बरा पडतो.

तेजस्वी मॅडमनी मसुदा वाचला, “गावाच्या हद्दीत कोणीही परदेशी कासव अगर तत्सम प्राणी सोडू नये.”

“कबूल,” दिपेश हसून म्हणाला. “मी कुठं सोडतोय? मी ठेवणार हाय.”

सखुबाईंचा पारा चढला. “पाळू नये लिवा! बाळगू नये लिवा! आपल्या दारात, हौदात, टाकीत, कुठंच ठेवू नये, सगळं लिवा!” क्रांतीने त्यांचा पदर ओढला. “आजी, जरा थांबा,” ती म्हणाली. सखुबाईंनी पदर झटकून सोडवून घेतला. मॅडमनी सगळं लिहिलं. भराभर हात वर गेले. सर्वांत उंच हात सखुबाईंचा.

ठराव मंजूर झाला तसा दिपेश पुन्हा उठला. “चला, झालं. आता अंमलबजावणी करू. आजच्या घडीला गावात परदेशी कासवं कोणाकोणाच्या दारात हायत?”

पडवीतली सगळी तोंडं सखुबाईंकडे वळली.

 एवढ्या वर्षांच्या रागात हे सखुबाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं, की अख्ख्या वेळकोंडमध्ये परदेशी कासवं बाळगणारी बाई एकच आहे. आपण त्यांना पाळलंय असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. त्या फक्त त्यांना तळ्यात जाऊ देत नव्हत्या.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. कोणी म्हणालं, तळ्यात सोडा परत. पण ठरावात ‘सोडू नये’ असं होतं. कोणी म्हणालं, खाडीत सोडा. क्रांती म्हणाली, तेही सोडणंच, आणि खाऱ्या पाण्यात मरतील ती. कोणी म्हणालं, मग मारा. सदू गुरवाने दोन्ही कानांना हात लावले. सखुबाई मधोमध उभ्या होत्या आणि त्यांना एकाच वेळी सगळ्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती, पहिली स्वतःच्या.

शेवटी तेजस्वी मॅडमना कीव आली. त्यांनी खाली एक ओळ जोडली आणि वाचून दाखवली, “मात्र श्रीमती सखुबाई यांना त्यांच्याकडे सध्या असलेली कासवं त्या हयात असेपर्यंत बाळगण्यास या ठरावातून सूट राहील.”

सगळ्यांना हायसं वाटलं. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. दिपेशनेसुद्धा मान डोलावली.

“मॅडम,” क्रांती म्हणाली, “ही कासवं तीस-चाळीस वर्षं जगतात.”

टाळ्या थांबल्या. सखुबाईंनी मनातल्या मनात आपलं वय मोजलं. साठी केव्हाच मागे पडली होती. हेमाली कळंबोलीला एका खोलीत संसार करत होती, तिथे बादली ठेवायला जागा नव्हती.

“माज्या मागनं कोण बगंल त्यांना?” त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, आणि ते लोकांना जास्त जड गेलं. “बोला की. जो घेईल त्यानं हात वर करावा.”

सतरंजीवरचे सगळे हात मांड्यांवर राहिले. सदू गुरव मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं शोधू लागला. सखुबाईंनी दिपेशकडे बघितलं. त्याला तर टाकी बांधायची होती, दिवे लावायचे होते.

“मावशी, एवढी मोठी झालेली कोण ठेवतो?” तो म्हणाला. “वास मारतात ती.”

 सखुबाई टेबलाशी गेल्या.

“मॅडम, अजून एक ठराव घ्या लिवून.”

“कोणता?”

“सखुबाईला मरायला बंदी.”

पडवीत हशा पिकला. सखुबाई हसल्या नाहीत. मॅडमच्या हातातलं पेन कागदावर टेकतंय की नाही, ते बघत त्या टेबलाशी उभ्या राहिल्या.