ओल जाईपर्यंत

“मग त्या फळ्यांचं काय करायचं?” नवरा विचारत होता. “ताईच्या हाताला येतील अशा बसवून घेतल्यात मी. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, माहीत आहे ना तुला?”

“काढायच्या आणि भाडेकरूच्या सोयीने वर लावायच्या. भिंत काय रडत बसणार आहे?”

“अगं, पण मागची खोली तिच्यासाठी म्हणून बांधली आपण.”

“आपण? परवानगीसाठी उंबरठे मी झिजवले, गवंड्याच्या मागे उन्हात मी उभी राहिले. तुम्ही फळ्या लावल्यात. त्याही खाली.”

मुलगी दारात पाय सोडून नखं कापत होती. ती मान वर न करता म्हणाली, “बाबा, कशाला घसा कोरडा करताय? मालकीणबाईंचं ठरलेलं असतं.”

मालकीणबाई हे नाव आधी भाडेकरूंनी पाडलं, मग घरात थट्टेने आलं. ती थट्टा कधी संपली ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिने उभा जन्म काढला होता. रक्ताच्या चादरी वेगळ्या, औषधाच्या वेगळ्या, फाटलेल्या वेगळ्या, असं करत करत ती तिथली मुकादम झाली. एक चादर इकडची तिकडे होत नसे. त्याआधीचं बालपण दुसऱ्यांच्या खोल्यांमध्ये गेलं. भाडं थकलं म्हणून एका मालकाने त्यांचं दार बिजागऱ्यांसकट उचलून नेलं होतं, आणि आई उघड्या चौकटीत पदर ताणून उभी राहिली होती. बाप शिव्या देत होता, धाकटी रडत होती. तिला मात्र मालकाचा राग आला नाही. दार कुणाचं असतं तेवढं तिला त्या दिवशी कळलं.

हे घर तिने घेतलं तेव्हा त्याला गिऱ्हाईक नव्हतं. कोपऱ्यावरचं, दोन खोल्यांचं, भिंती पोपडे धरलेल्या. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, डोळ्याला भिंग लावून दिवसभर बारीक काट्यांशी खेळणारा माणूस. मोठं काही दिसलं की तो घाबरे. घराचा व्यवहार तिनेच केला. मग वर मजला चढवला, तो भाड्याने दिला. बाजूला खोली काढली, तीही दिली. घर वाढत गेलं आणि घरची माणसं आक्रसत स्वयंपाकघर आणि पुढच्या खोलीत आली.

वन्सं आल्या त्या वरच्या मजल्याच्या वेळी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, हातात एक ट्रंक. तेव्हा पहिला भाडेकरू भिंतीवरच्या ओलीकडे बोट दाखवून भाडं पाडून मागत होता. गवंडी सहज बोलून गेला, “बाई, आत माणूस राहिलं, शेगडी पेटली, की गिलावा लवकर सुकतो.” तिने वन्संकडे पाहिलं. त्याच संध्याकाळी ट्रंक वर गेली.

“ही खोली आता तुमची हो, वन्सं,” ती म्हणाली होती. भिंती सुकल्या, रंग बसला, भाडेकरू आला आणि ट्रंक खाली आली. बाजूच्या खोलीच्या वेळी तेच. त्यानंतर ओळखीपाळखीच्यांनी नवी खोली काढली की तिथेही वन्संना चार दिवस पाहुणी म्हणून धाडायची रीतच पडली. भिंतीतली ओल बाहेर पडे आणि वन्संच्या छातीत घर करी. खोकला आधी सकाळचा होता, मग दिवसाचा झाला. प्रत्येक वेळी “ही तुमची” ऐकून त्या “बरं” म्हणत, आणि ट्रंकेचं कुलूप काढत नसत.

या वेळी काढलं. फळ्या पाहिल्या आणि त्या फसल्या. आपल्या हाताच्या मापाने कुणी काही बांधलंय, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच दिसत होतं. त्यांनी लुगडी घड्या करून मांडली, गेलेल्या नवऱ्याचा चष्मा मांडला, आणि आरसा टांगायला खिळा ठोकला. मालकीणबाईला तो खिळा दिसला तेव्हाच तिचं डोकं फिरलं होतं. नव्या गिलाव्यात खिळा.

दुपारी खोली बघायला जोडपं आलं. दोघंही शाळामास्तर, कडेवर मूल. वन्संना भाजी आणायला पिटाळलं होतं, पण बाहेर ऊन म्हणून त्या अर्ध्या वाटेतून परतून खाटेवर बसल्या होत्या. मास्तरीणबाईने आत येताच फळ्यांना हात लावला.

“अय्या, किती छान खाली आहेत. याच्या हाताला येतील.”

“मुद्दाम तशा करून घेतल्यात,” मालकीणबाई म्हणाली. “लेकुरवाळ्यांसाठीच.”

दारात उभा असलेला नवरा भिंतीकडे बघत राहिला.

मास्तर मात्र चौकस निघाला. त्याने तळहात भिंतीला टेकवला, हुंगला. “ओल नाही ना?”

“ठणठणीत आहे.”

तेवढ्यात वन्संना उबळ आली. पदर तोंडाशी धरूनही ती थांबेना. मास्तरणीने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पाऊलभर मागे झाली.

“या इथेच असतात का?”

“छे हो. पाहुण्या आहेत.”

“पसंत आहे खोली,” मास्तर म्हणाला. “पण त्या गेल्या की कळवा. आणि भिंतींना एक हात चुन्याचा द्या.”

ते गेल्यावर वन्सं खाट सोडून उठल्या नाहीत. “पसंत पडली ना त्यांना?”

“पडली.”

“फळ्या आवडल्या म्हणाली ती.” वन्सं जराशा हसल्या. “वहिनी, मला जिन्याखाली टाक, मोरीजवळ टाक. मी कुरकुरणार नाही. पण आता पुन्हा नव्या भिंतीत नको गं. माझ्यात दम उरला नाही.”

मालकीणबाईला काहीतरी बोलावंसं वाटलं. तिने आरसा उतरवला आणि खिळा ओढून काढला. भोक बोटाएवढं पडलं. तिने त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “बघू.”

संध्याकाळी समोरच्या इमारतीचा कंत्राटदार चहाला आला. त्याचे फ्लॅट तयार होते, गिऱ्हाइकं ताब्यासाठी मागे लागली होती, आणि तळमजल्याच्या भिंती अजून घाम गाळत होत्या.

“पंखे लावून बघितले, काही होत नाही,” तो बशीत चहा ओतत म्हणाला. “तुमच्याकडे त्या वाळवणाऱ्या बाई आहेत ना? जरा पाठवा की. फुकट नको. तुम्हाला बाहेरून जिना हवाय म्हणत होता ना? माझी माणसं बांधून देतील.”

बाहेरचा जिना. वरचे भाडेकरू गेली कित्येक वर्षं तिच्या पुढच्या खोलीतून चपला फटफटवत वर जात होते. तिने कंत्राटदाराला आणखी एक कप चहा दिला.

जेवायला सगळे एकत्र बसले. वन्संनी भात चिवडत ठेवला होता. मालकीणबाईने सगळ्यांना वाढलं, मग स्वतःच्या ताटात घेतलं.

“मास्तर मंडळी एक तारखेला येतील. फळ्या आहेत तशाच राहू द्या,” ती नवऱ्याला म्हणाली.

“आणि ताई?”

“वन्सं परवापासून समोरच्या इमारतीत. कंत्राटदाराशी बोलणं झालंय.”

मुलीने आधी आत्याकडे पाहिलं, मग आईकडे. “आत्याला विचारलंस?”

“त्यात विचारायचं काय? सांगतेय ना आता.” तिने वन्संच्या ताटात आमटी वाढली. “तळमजल्यापासून सुरुवात करायची. एक सुकला की पुढचा. दोन वेळचा डबा इथून येईल, आणि शेगडी आपलीच न्यायची.”