माटोळीखालचा पियानो

पियानो आमच्या घरात आला तेव्हा दाराला चौकट नव्हती. तो बाहेर काढायची वेळ आली तेव्हा होती.

मांद्र्याच्या एका पात्रांवाला, म्हणजे गेस्ट हाऊसच्या मालकाला, तो खोलीतून घालवायचा होता. भजनात पेटी वाजवणाऱ्याला पियानो काय कठीण, असं म्हणून मी तो टेम्पोत घालून कारापूरला आणला. घराचं बांधकाम चालू होतं. अर्धवट भिंतीतून गड्यांनी तो सालात, म्हणजे बैठकीच्या खोलीत, नेऊन ठेवला. मग गवंड्याने भिंत पुरी केली, सुताराने चौकट बसवली आणि पियानो आतल्या आत राहिला. पुढे त्याच्या पट्ट्या वाळवीने खाल्ल्या. तोवर माझं वादन ऐकून घेतलेल्या शेजाऱ्यांनी वाळवीचे उपकारच मानले असतील.

यंदा चवथ आमच्याकडे आली. आम्हा भावांत गणपती आळीपाळीने बसतो आणि नव्या घरातली ही पहिलीच खेप. गणपतीच्या डोक्यावर रानातली फळंपानं बांधून माटोळी टांगतात. तिचे हूक बायकोने स्लॅब पडतानाच हौसेने लावून घेतले होते. त्या हुकांच्या बरोबर खाली मी पियानो ठेवला होता. बाजूला सरकवावा, तर एवढ्याशा खोलीत भाऊबंद बसणार कुठे?

"गणपती खंय बसवतलात?" बायकोने पियानोवर हात ठेवत विचारलं. "हेच्यार?"

चौकट काढूया, असं मी सुचवून पाहिलं. तिने पदराने नव्या चौकटीवरची धूळ पुसली. तेव्हा ठरलं, पियानो सुटा करून बाहेर काढायचा आणि आधी त्याच्या तारा उतरवायच्या.

तार म्हणजे तार. कुंपणाची तोडतो तशी ही तोडायची, असं समजून मी कटर लावला. काडकन आवाज झाला आणि तार चाबकासारखी माझ्या कानाजवळून गेली. कान वाचला. मागचं कॅलेंडर मात्र उभं फाटलं आणि अर्धा भाद्रपद भिंतीवर लोंबू लागला.

कटर खाली ठेवून मी पात्रांवाला फोन लावला. आधी तो पोटभर हसला. मग म्हणाला, ताणलेली तार कधी तोडायची नाही. पान्याने प्रत्येक खुंटी अर्धा फेरा सैल करायची आणि पुढच्या खुंटीवर जायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं की पुन्हा पहिल्यापासून. एकच बाजू सैल केलीस तर दुसऱ्या बाजूचा ओढा आतल्या बिडाच्या सांगाड्यावर येईल आणि तो तडकेल. सगळ्या तारा लुळ्या पडल्या की मगच काढायच्या.

माझा मेव्हणा पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचा. त्याचं हेल्मेट, चष्मा आणि जाड हातमोजे मागून आणले. मला त्या अवतारात बघून बायको बऱ्याच दिवसांनी हसली. म्हणाली, पाळीची खाण बंद पडली, ती आमच्या सालात सुरू झाली.

पहिलीच खुंटी हलेना. जोर यावा म्हणून मी पियानोला पाय लावला.

"वाद्याक पाय लावू नकात," ती म्हणाली. "आधी नमस्कार करा."

मोडीत निघालेल्या पियानोला मी हेल्मेटसकट नमस्कार केला. खुंटी तरीही हलेना. तेव्हा तिनेही माझ्या पान्याला हात लावला आणि दोघांच्या जोराने ती फिरली. मग तिने दुसरा पाना उचलला, डोळ्यांवर माझ्या स्कूटरचा चष्मा चढवला आणि तारांवर वाकळ पांघरली. जिथे काम, तेवढाच भाग उघडा ठेवायचा. ती उजवीकडच्या बारीक तारांना भिडली, मी डावीकडच्या तांब्याने मढवलेल्या जाड्या तारांना. अर्धा फेरा, पुढची खुंटी, अर्धा फेरा. सैल होताना प्रत्येक तार कण्हायची. ती कण्हली की बायको वाकळीतून हात घालून ती छेडायची. त्या पियानोवर आम्ही दोघांनी मिळून वाजवलेलं तेवढंच.

तारा लोंबकळू लागल्या तशी त्यांची वेटोळी खुंट्यांवरून उचलली, खालची टोकं सोडवली आणि गुंडाळून बारदानात भरली. सांगाड्याचे स्क्रू काढले. भजनातल्या दोस्तांनी तो आडवातिडवा करत दारातून काढला. शिव्या मला घातल्या, चौकटीला ओरखडा पडू दिला नाही. मागोमाग लाकडी खोकं गेलं.

बायकोने जागा धुऊन पुसली, चौरंग आणून ठेवला, वर हुकांकडे बघितलं.

"इल्लो डावीकडे," ती चिमटीएवढं अंतर दाखवत म्हणाली.

मी जोर लावायला कंबर कसली. चौरंग एका बोटाने सरकला.