बांधाच्या अलीकडची नोंद

एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या नखांतली माती कधी पूर्ण निघाली नाही. बायको म्हणायची, जेवायला बसताना तरी ऑफिस बाहेर ठेवून या.

काम सांगायला सोपं होतं. शेतातून पाइपलाइन किंवा रस्ता असलं काही मोठं जायचं ठरलं, की खोदाईआधी तिथली माती तपासून तिची नोंद करायची. खांद्यावर लोखंडी गिरमिट टाकून तो निघायचा, दर पन्नास पावलांवर भोक पाडायचा आणि निघालेली माती ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने एका लांब फळीवर मांडायचा. वरची काळी, खालची पिवळी चिकण. काळी कुठे संपते ते मोजायचं आणि लिहायचं. पुढे यंत्र येऊन लिहिलेल्या खोलीपर्यंतची काळी माती खरवडून बाजूला ठेवणार आणि पाइप पुरून झाल्यावर तीच पुन्हा वर पसरणार. जी काळी नोंदीत आली नाही ती पिवळीत कालवली गेली, म्हणजे गेलीच.

नोंदीत सेंटिमीटरचा आकडा दहाच्या पटीतच लिहायचा, असा नियम होता. तो कुणा खुर्चीत बसणाऱ्यानेच केला असणार, कारण माती काही दहाच्या पटीत येत नाही. पस्तीस भरली तर? तर तो चाळीस लिहायचा. सगळ्यांना, न चुकता. यंत्रवाला लिहिल्यापेक्षा दोन-तीन बोटं कमीच खरवडतो, हे त्याने इतक्या शेतांत पाहिलं होतं की चाळीस लिहावं तेव्हा कुठे पस्तीस हाती लागतात, हा हिशेब त्याला तोंडपाठ होता. याला लबाडी म्हणायचं तर म्हणा. ती मातीच्या बाजूची होती.

मग एक पाइपलाइन त्याच्या थोरल्या बहिणीच्या शेतातून जायची ठरली, तीही तिच्या सगळ्यात चांगल्या, भाजीच्या पट्ट्यातून. लहानपणी त्याच्या वाटणीची शेतातली कामं ताईने अंगावर घेतली, म्हणून तो शाळेत टिकला होता. दुसऱ्या कुणी हयगय केली तर, या भीतीने त्याने ते काम मागून घेतलं.

आदल्या दिवशी ऑफिसात चहा पिताना कारकून म्हणाला, "उद्या ताईंच्या शेतात का? बघा हं, कुंपणानेच शेत खाल्लं असं व्हायला नको!"

सगळे खो खो हसले. तोही हसला. पण ते वाक्य काट्यासारखं आत रुतून बसलं.

दुसऱ्या दिवशी ताईच्या शेतात प्रत्येक भोकाला काळी माती पस्तीस भरली. बांधापलीकडच्या शेजाऱ्याकडेही पस्तीसच भरली होती आणि तिथे त्याने सवयीने चाळीस लिहून टाकले होते. इथे मात्र पेन अडलं. कागदावर आडनाव वेगळं असलं तरी बहीण कुणाची, ते सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. त्याने तीस लिहिलं. आपण किती निःस्पृह, असं वाटून त्याला त्या क्षणी चक्क बरं वाटलं. चूक करतानाच माणसाला वाईट वाटत असतं, तर जगात निम्म्या चुका झाल्याच नसत्या.

खाली शेतमालकाची सही लागायची. "वाचून घे एकदा," तो म्हणाला.

"तू लिहिलंयस ना? मग वाचायचं काय त्यात!" ताईने कागद गुडघ्यावर ठेवला आणि सही ठोकली.

दीड वर्षाने पाइप पुरून झाला, माती पसरून झाली, पहिलं पीक आलं. बांधापलीकडे ते गुडघ्याएवढं झालं. अलीकडे वीतभर वाढून पिवळं पडलं आणि त्याच्या मुळाशी जमीन भेगाळली. ताईने त्याला बोलावून घेतलं. त्याने गिरमिट लावलं, माती फळीवर मांडली. काळी पंचवीसच होती आणि खाली सगळा काळी-पिवळीचा काला. तोवर ताईने ऑफिसातून दोन्ही शेतांच्या नोंदींच्या नकला आणल्या होत्या.

"त्याच्याकडे चाळीस आणि माझ्याकडे तीस? माती काय बांध बघून थांबते?"

"पस्तीस होती. दोन्हीकडे."

"मग?"

"लोक म्हणाले असते, बहिणीला झुकतं माप दिलं."

ताई पिकाकडे वळली. "झुकतं मागितलं होतं कुणी?" ती म्हणाली. "परक्यांना देतोस तेवढं दिलं असतंस, तरी पुरे होतं रे."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो ऑफिसात गेला. साहेबांनी कागद उलटसुलट पाहिले. "नोंद तुमची, सही बाईंची. कंत्राटदाराने नोंदीप्रमाणे केलंय. आता नोंद चुकली असं तुम्हीच लिहून दिलंत, तर तुमच्या सगळ्याच नोंदी उघडाव्या लागतील. निवृत्तीला वर्ष राहिलंय, विचार करा." बाहेर कारकुनाला त्याने त्या विनोदाची आठवण करून दिली. कारकुनाला तो आठवतही नव्हता.

त्याने विचार केला नाही. केला असता तर हात पुन्हा अडला असता. ताईच्या शेतात पुन्हा गिरमिट लावून त्याने माती फळीवर मांडली, मोजली आणि बांधावर बसून अर्ज लिहिला: मूळ माती पस्तीस, मी तीस लिहिली, चूक माझी, आज भरते पंचवीस. मग कागद तिच्यापुढे धरला. "इथे सही कर."

ताईने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द पुटपुटत वाचायला लागली. पंचविसाच्या आकड्यावर तिचं बोट थांबलं.

"आत्ताच मोजलंय, ताई. बरोबर आहे ते."

"असेल," ती म्हणाली. त्याच्या हातातली मोजपट्टी घेऊन ती फळीवरच्या मातीपाशी गेली आणि वाकून स्वतः मोजायला लागली.