मायचं रडणं वर्गात

स्पीकर मीच वर्गात नेला होता. टेबलावर ठेवला, वायर लावली आणि खिडक्या पुसायला लागले. मागून आवाज आला तो माझ्या मायचा.

"तुह्या चपला दाराशी हायेत रे, त्याइले काय सांगू? शेळी वाट पाहून राह्यली, तिले काय सांगू? मले काहून नाही सांगितलं रे, जातो म्हणून?"

बापाला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं. प्रश्नार्थी वाक्य. पुनरावृत्ती. चेतनगुणोक्ती. मग समजावून सांगितलं की, इथं प्रश्न आहे पण उत्तराची अपेक्षा नाही. चपलांना माणूस मानलंय. 'काय सांगू' पुन्हा पुन्हा येतं, त्यानं लय साधते. बी.ए.ची पोरं लिहून घेत होती. मागच्या बाकावरच्या एकानं मायचाच सूर धरला, "पेपर जवळ आला रे, त्याले काय सांगू?" वर्ग हसला. मॅडमही हसल्या, थोड्याशा.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"अरे, ही त्या बाईंचीच मुलगी. सांग गं यांना, तुमच्यात सगळ्याच बायका अशा रडतात का?"

तुमच्यात.

सगळा वर्ग वळून पाहायला लागला. माझ्या हातात ओलं फडकं. मी म्हटलं, "हो."

एका पोरीनं तेही वहीत लिहिलं. ते 'हो' मला अजून खातं.

मॅडम वाईट नाहीत, हे आधी सांगते. माझी शाळा नववीत सुटली. गाव घाटंजीकडचं, तिथून महागावला यायला दोन एसट्या बदलाव्या लागतात. इथं माझं कोणी नव्हतं. कॉलेजातलं झाडू-पाण्याचं काम मॅडमनी लावून दिलं, खोली पाहून दिली. बापाच्या छातीत कळ आली, तो गेला, असा फोन आला तेव्हा मला त्यांनीच स्वतःच्या गाडीत बसवून गावापर्यंत नेलं. वाटेत पाणी पाजलं. हे कसं विसरू?

अंगणात मॅडम फोन हातात धरून उभ्या होत्या. मला वाटलं, घरी कळवत असतील. आमच्या गावात अशा वेळी दारात आलेल्या बाईच्या गळ्यात पडून रडतात. रडता रडता मेलेल्याशी बोलतात. जिला ऐकू गेलं तिनं जवळ जायचं, पाठीवर हात ठेवायचा, आपणही रडायचं. भांडणातली बाईसुद्धा येते. नुसतं उभं राहून कोणी ऐकत नाही. आणि ते बोलणं नंतर कोणी तोंडावर आणत नाही.

माय मॅडमच्याही गळ्यात पडली होती. तिला वाटलं, बाई इतक्या दुरून रडायला आली. म्हणून तर स्पीकरमधला आवाज इतका जवळचा होता. मायचा श्वाससुद्धा येत होता त्यात.

"पुन्हा एकदा ऐकू," वर्गात मॅडम म्हणाल्या.

उत्तराची अपेक्षा नाही म्हणे. माय तर उत्तरच मागत होती. तीन दिवस मागत होती.

मी वायर उपसली.

तोंडातून एवढंच निघालं, "मॅडम, ते शिकवायसाठी नाही रडली ती."

नंतर त्यांनी मला स्वतःच्या खोलीत बोलावलं. रागावल्या नाहीत. साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी त्या पुस्तक लिहून राहिल्या आहेत, त्यात हे घ्यायचंय. समोर कागद ठेवला. कुटुंबाची संमती. नाव कुठंच येणार नाही म्हणाल्या, फक्त 'एक ग्रामीण स्त्री'.

"मी तुझ्यासाठी काय कमी केलं गं?"

काहीच कमी केलं नाही. खरं आहे. माझं काम वर्षाच्या करारावर आहे आणि त्यावर शेरा मॅडमचा लागतो. हे त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "तुमचे उपकार हायेत मॅडम. पण हे माह्यं नाही. मायचं हाये."

"मग आईचा अंगठा आण. सोमवारपर्यंत."

कागद घेऊन आले. मायला विचारायचं म्हणजे तिला तो आवाज ऐकवावा लागेल. पोरं हसली, तेही सांगावं लागेल. ते मी करणार नाही.

सोमवारी कागद कोराच परत देईन. फोनमधलं मायचं रडणं माझ्यासमोर पुसायला लावीन. नाही पुसलं, तर प्राचार्यांकडे जाईन आणि तिथून हलणार नाही. काम गेलं तर गेलं, कापूस वेचणीला जाईन. मॅडमचे उपकार मी मरेपर्यंत मानीन. त्यांच्या बदल्यात माय देणार नाही.